पाच मिलिमीटरचा फरक : हवेची नळी बदललेल्या एका गाडीचे प्रकरण

गेल्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सोलापूरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये आलेल्या एका पेट्रोल गाडीचे हे प्रकरण आहे. गाडी २०१५ सालची, १.८ लिटर इंजिनाची, एमएच १३ पासिंगची होती. तिच्यात मूळचा दोष एकही नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. कारण त्याआधीच्या तीन महिन्यांत तिच्यावर जो खर्च झाला, तो सगळा नसलेला दोष शोधण्यापायी झाला होता.

गाडीच्या मालकांचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा यंत्रमाग कारखाना आहे. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला असतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला घरी येण्यापूर्वी त्याने तिथल्याच एका दुकानातून गाडीची हवेची व्यवस्था बदलून घेतली होती. फिल्टरचा मूळ प्लॅस्टिकचा डबा आणि त्यापुढची नळी काढून तिथे अॅल्युमिनियमची चकचकीत नळी आणि तिच्या टोकाला तेल लावलेला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवला होता. आत येणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर मूळचाच होता. तो जुन्या डब्यातून काढून नव्या नळीला वेल्ड केलेल्या बैठकीत बसवला होता. पहिला आठवडा सगळे आनंदात होते. मग इंजिन चेकचा दिवा लागला. सिग्नलला उभी असताना गाडी थरथरू लागली, तुळजापूरच्या घाटात एसी लावून चढताना इंजिन ठोकू लागले, आणि मालकांच्या शब्दांत सांगायचे तर, "सर, आवाज भारी यायलाय, पण गाडी ओढंना झालीय बघा."

मधल्या काळात दोन ठिकाणी गाडी दाखवून झाली होती. एका ठिकाणी पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला, दुसरीकडे पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आणि थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, साफ करून दिले. दोन्ही वेळा बॅटरीची वायर काढून दिवा घालवला गेला आणि चार-पाच दिवसांनी तो परत आला. बॅटरी काढल्यावर इंजिनच्या कॉम्प्युटरने तोवर शिकलेली सगळी दुरुस्ती पुसली जाते, त्यामुळे दिवा नसलेले ते चार दिवस खरे तर गाडी सर्वांत वाईट चालण्याचे असतात, आणि नेमके तेच दिवस मालकाला दुरुस्तीचे यश म्हणून दिसतात. हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की स्कॅनर लावण्यापूर्वी बॅटरी शेवटची कधी काढली होती हे विचारण्याची मला सवयच लागली आहे.

या गाडीची बॅटरी त्याआधी पंधरा दिवस काढलेली नव्हती, हे आमचे भाग्य. गाड्यांच्या धुराचे भारत स्टेज ४ चे निकष १ एप्रिल २०१० पासून देशातल्या ज्या पहिल्या १३ शहरांत लागू झाले, त्यांत मुंबई-पुण्याच्या जोडीने सोलापूरही होते, ही गोष्ट इथल्या पुष्कळ लोकांना ठाऊक नसते. २०१३ पासून त्या गाड्यांत ओबीडी-२ ही स्वतःची तपासणी स्वतः करणारी यंत्रणा सक्तीची झाली. २०१५ च्या या गाडीत ती होती आणि तिने आपले काम चोख केले होते. तिने नोंदलेला दोषाचा कोड एकच होता, पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. इंजिन गरम असताना आयडलिंगला, म्हणजे अॅक्सिलरेटर न देता इंजिन नुसते चालू ठेवल्यावर, लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक २२ टक्के आणि शॉर्ट टर्म अधिक ८ टक्के दिसत होता. २५०० आरपीएमला लाँग टर्म तेवढाच आणि शॉर्ट टर्म अधिक ४ टक्के होता. निरोगी गाडीत ही दोन्ही मिळून शून्याच्या अल्याडपल्याड पाच, फार तर दहा टक्क्यांत राहतात.

हे आकडे म्हणजे काय, ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. पेट्रोलच्या एका ग्रॅमला पूर्ण जळण्यासाठी साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. इंजिनात किती हवा आली हे एअर फ्लो सेन्सर सांगतो, त्या हिशेबाने कॉम्प्युटर इंजेक्टर किती वेळ उघडायचा हे ठरवतो, आणि जळून बाहेर पडलेल्या धुरात किती प्राणवायू उरला आहे हे सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर परत कळवतो. प्राणवायू जास्त उरला तर या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ च्या आसपास पडतो, कमी उरला तर ०.९ कडे चढतो, आणि कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करत तो ०.४५ च्या दोन्ही बाजूंना झुलता ठेवतो. ही क्षणाक्षणाची दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम. आणि तीच दुरुस्ती वारंवार करावी लागते असे दिसल्यावर कॉम्प्युटर जी कायमची नोंद करून ठेवतो, ती लाँग टर्म. या गाडीचा कॉम्प्युटर हिशेबापेक्षा जवळजवळ ३० टक्के पेट्रोल जास्त टाकून मिश्रण कसेबसे जागेवर ठेवत होता. ते तो ठेवू शकत होता म्हणूनच गाडीची पीयूसी व्यवस्थित पास झालेली होती. जो ऑक्सिजन सेन्सर बदलून टाकला, तो तर सुरुवातीपासून खरेच सांगत होता. खोटी होती ती हवेची बातमी.

आता हवा मोजणाऱ्या सेन्सरकडे वळू. त्याच्यात प्लॅटिनमची केसासारखी बारीक तार असते. ती विजेने तापवून बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंश गरम ठेवलेली असते. हवा वाहू लागली की तार थंड होऊ लागते, आणि तिला गरम ठेवायला जास्त वीज द्यावी लागते. ती वीज हेच मोजमाप. पण तार नळीच्या मधोमध, एका लहानशा जागेत असते आणि तिला फक्त आपल्या अंगावरून गेलेली हवा कळते. सबंध नळीतून किती हवा गेली, हे कॉम्प्युटर एका तक्त्यावरून ठरवतो, आणि तो तक्ता कारखान्यात एका विशिष्ट आतल्या व्यासाची, विशिष्ट आकाराची नळी समोर ठेवून तयार केलेला असतो. म्हणून सेन्सर म्हणजे नुसती ती काळी टोपी नव्हे. ती ज्या नळीत बसते ती नळी हादेखील सेन्सरचाच अर्धा भाग आहे. दुकानदाराने अर्धा सेन्सर ठेवला होता आणि अर्धा फेकला होता.

मात्र हे मला पहिल्या तासात सिद्ध करता आलेले नव्हते, आणि अंदाजाने पार्ट बदलण्याचा प्रकार गाडीवर दोनदा झालेलाच होता, म्हणून क्रमाने जायचे ठरवले. सेन्सर काढून टॉर्चखाली धरला. तारेवर तेलाचा तपकिरी थर होता आणि त्यात अडकलेला एक गुलाबी तंतू स्पष्ट दिसत होता. मालकांनी तो पाहताक्षणी ओळखला; आठवडाभरापूर्वी कारखान्यात गुलाबी टॉवेलची ऑर्डर चालू होती आणि गाडी गोदामाच्या दाराशीच उभी असे. शोध घेतला तेव्हा फिल्टरच्या मानेवरचा क्लॅम्प सैल निघाला. हवा तिथून फिल्टर चुकवून आत येत होती. ही फट सेन्सरच्या आधी असल्यामुळे तिच्यातून आलेली हवा मोजली जात होती, म्हणून मिश्रण तिने थेट बिघडवले नव्हते. तिने कचरा आत आणला होता. फट सेन्सरच्या नंतर असती तर कचऱ्याबरोबर हिशेबही बिघडला असता. कुठलीही गळती सापडली की ती सेन्सरच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे आधी पाहावे.

एअर फ्लो सेन्सरसाठीच मिळणाऱ्या स्प्रेने तार साफ केली. कार्बोरेटर क्लीनरने किंवा कापडाने ती साफ करू नये, तार तुटते किंवा तिच्यावर थर राहतो. क्लॅम्प आवळला आणि गाडी होटगी रोडने विमानतळापर्यंत आणि परत अशी दोन दिवस फिरवली. लाँग टर्म २२ वरून २० वर आला. आयडलिंगला शॉर्ट टर्म ७, २५०० आरपीएमला ३. घाण होती हे खरे, पण आजार तिचा नव्हता.

या आकड्यांतला एक बारकावा माझे लक्ष वेधून घेत होता. गाडी आयडलिंगला जास्त लीन होती आणि आरपीएम वाढल्यावर थोडी सावरत होती, पण पूर्ण सावरत नव्हती. सेन्सरनंतर कुठेतरी न मोजलेली हवा शिरत असेल, तर आयडलिंगला, जेव्हा इंजिन मुळातच कमी हवा घेते आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, ओढ जबर असते, तेव्हा ती मोठा वाटा ठरते. आरपीएम वाढला की तीच गळती एकूण हवेच्या मानाने किरकोळ होते आणि ट्रिम खाली येतो. याउलट सेन्सरच कमी मोजत असेल, तर चूक सगळीकडे त्याच प्रमाणात दिसते. इथे दोन्ही चिन्हे एकावर एक चढलेली होती, आणि म्हणून दोन दोष शोधायला हवे होते.

पहिला दोष अंगठ्याने सापडला. टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणावरून, मूळ नळीला जाणारी ब्रीदरची रबरी नळी नव्या व्यवस्थेत काढून टाकलेली होती. नव्या पाइपला तिच्यासाठी तोंडच नव्हते, म्हणून टॅपेट कव्हरच्या तोंडावर लिंबाएवढा छोटा फिल्टर लावून दिला होता. दिसायला तो नेटका दिसतो. पण क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीतली, वाफ पीसीव्ही नावाच्या छोट्या व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्ड सतत ओढून घेत असतो, आणि तिच्या जागी जी ताजी हवा यायची ती पूर्वी सेन्सरमधून मोजून आलेली असे. आता ती या छोट्या फिल्टरमधून, न मोजता, थेट बाहेरून येत होती. इंजिन आयडलिंगला ठेवून मी तो फिल्टर काढला आणि ब्रीदरच्या तोंडावर अंगठा दाबला. कातडी आत ओढली गेल्याचे जाणवले, आरपीएम जरासा खाली बसला आणि स्कॅनरवर शॉर्ट टर्म ट्रिम ७ वरून ५, ४, ३ असा उतरत दीड-दोन टक्क्यांवर स्थिरावला. अंगठा काढला की परत ७. मालकांना मी स्वतः अंगठा ठेवून पाहायला सांगितले. त्यांनी तो तीनदा ठेवला आणि तीनदा काढला, आणि तीन महिन्यांत प्रथमच आपल्या गाडीला नेमके काय होते आहे हे त्यांना डोळ्यांनी दिसले.

उरलेला दोष सगळीकडे सारखा होता. त्यांच्या गोदामात मूळ डबा आणि नळी पोत्यात बांधून ठेवलेली होती, ती मागवून घेतली आणि व्हर्नियर लावला. सेन्सर बसतो त्या ठिकाणी मूळ नळीचा आतला व्यास ६५ मिलिमीटर आणि अॅल्युमिनियमच्या नळीचा ७० भरला. फरक पाच मिलिमीटर, ऐकायला काहीच नाही. पण हवा व्यासातून नाही, क्षेत्रफळातून जाते, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ६५ चा वर्ग ४२२५, ७० चा ४९००. तेवढीच हवा आता सोळा टक्के मोठ्या वाटेने, म्हणजे त्या मानाने संथ वेगाने जात होती. तार कमी थंड होत होती. आणि कॉम्प्युटर शंभर ग्रॅम हवेला शहाऐंशी ग्रॅम समजत होता.

कागदावरचे गणित रस्त्यावर पडताळून पाहावे म्हणून तुळजापूर रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन ४००० आरपीएमची नोंद घेतली. १.८ लिटरचे चार स्ट्रोकचे इंजिन ४००० आरपीएमला मिनिटात दोन हजार वेळा पूर्ण भरते, म्हणजे ३६०० लिटर, सेकंदाला ६० लिटर. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. इथल्या दाबाला आणि आत येणाऱ्या हवेच्या ४५ अंश तापमानाला एक लिटर हवेचे वजन १.०५ ग्रॅमच्या आसपास येते. इंजिन काठोकाठ भरले तर सेकंदाला ६३ ग्रॅम. असे चांगले इंजिन या आरपीएमला नव्वद टक्क्यांच्या जवळपास भरते, म्हणजे ५६ ते ५७ ग्रॅमची नोंद यायला हवी होती. स्कॅनरवर ४९ आली. गाडीचे कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखे आणि उत्तम होते, तेव्हा इंजिन कमी भरत नव्हते. हवा कमी मोजली जात होती.

मोजमापात आणखी एक खोट होती. नव्या नळीत सेन्सर वळणानंतर जेमतेम चार बोटांवर बसवला होता. वळणातून बाहेर पडणारी हवा एका बाजूला दाटते आणि भोवरे घेते. मूळ डब्यात सेन्सरच्या आधी हवा सरळ करणारी जाळी होती, ती इथे नव्हती, त्यामुळे २५०० आरपीएमला पाय स्थिर ठेवूनही आकडा सतत थरथरत होता.

पण मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती पूर्ण अॅक्सिलरेटरच्या अवस्थेची, आणि या विषयावर बोलताना ती बाजू हमखास सुटते. सावकाश चालताना ऑक्सिजन सेन्सर चूक पकडतो आणि कॉम्प्युटर ती निस्तरतो. पूर्ण अॅक्सिलरेटर दिल्यावर मात्र अशा गाड्या ऑक्सिजन सेन्सरचे ऐकणे थांबवतात. तेव्हा इंजिन थंड राहावे म्हणून मुद्दाम जास्त पेट्रोल द्यायचे असते, आणि ते किती द्यायचे हे हवेच्या आकड्यावरून आणि आधी शिकलेल्या लाँग टर्म ट्रिमवरून ठरते. बॅटरी काढून ती शिकवण पुसली आणि त्याच दिवशी गाडी भरधाव हाणली, तर सर्वाधिक भाराखाली इंजिन चौदा टक्के कमी पेट्रोलवर चालणार. व्हॉल्व्ह आणि पिस्टन जळण्याची वाट इथून जाते.

शिवाय हवेचा आकडा पेट्रोलपुरताच नसतो. इंजिनवर किती भार आहे हे कॉम्प्युटर त्याच आकड्यावरून ठरवतो, आणि भार कमी असेल तर ठिणगी लवकर टाकतो. घाटात खरा भार पूर्ण असताना कॉम्प्युटरला तो कमी दिसत होता, म्हणून ठिणगी गरजेपेक्षा लवकर पडत होती, इंजिन ठोकत होते, नॉक सेन्सर ते ऐकून ठिणगी घाईने मागे ओढत होता, आणि गाडी ओढेनाशी होत होती. ट्रिमने मिश्रण सावरले तरी ही चूक सावरली जात नाही.

त्यात आपला उन्हाळा. उघडा फिल्टर रेडिएटरच्या मागे, इंजिनच्या गरम हवेतच श्वास घेत होता. बाहेर ४१ अंश असताना सात रस्त्याच्या सिग्नलला आत येणारी हवा ६८ अंश नोंदली गेली. एवढ्या फरकाने हवा आठ टक्के विरळ होते. ती विरळ आहे हे सेन्सर बरोबर सांगतो, मिश्रण त्याने बिघडत नाही, पण विरळ हवेवर ताकद कुठून येणार? आणि शहरात चालवताना तर थ्रॉटलची झडप बहुतेक वेळ मिटलेलीच असते. हवेला अडवणारी खरी वस्तू तीच. तिच्या मागे फिल्टर कितीही मोकळा केला तरी सोलापूरच्या रहदारीत त्याचा लाभ होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलगा शनिवारी आला तेव्हा त्याचा प्रश्न रास्त होता. त्याच्या मित्राच्या छोट्या गाडीला तसलीच नळी दोन वर्षे लावलेली आहे आणि दिवा एकदाही लागला नाही, ते कसे? त्याचे उत्तर असे की त्या गाडीत एअर फ्लो सेन्सरच नाही. तिथे मॅनिफोल्डमधला दाब आणि हवेचे तापमान मोजून हवेचा हिशेब केला जातो. थ्रॉटलच्या आधीची नळी बदलली तरी दाब जिथे मोजतात ती जागा बदलत नाही, म्हणून ती व्यवस्था असले बदल पुष्कळ पचवते. आपल्या गाडीत मोजमाप कुठे होते हे पाहिल्याशिवाय दुसऱ्याच्या गाडीवरून ठरवू नये, एवढेच त्याचे चुकले होते.

उपाय दोन होते. एक, नव्या नळीप्रमाणे कॉम्प्युटरमधला तक्ता नव्याने बसवणे. त्याला डायनो (जागेवर उभी गाडी पळवून ताकद मोजणारे यंत्र), वाइडबँड सेन्सर (मिश्रणाचे नेमके प्रमाण सांगणारा ऑक्सिजन सेन्सर) आणि जाणकार माणूस लागतो, आणि वळण व गरम हवेचा प्रश्न तरीही तसाच राहतो. दुसरा, मूळ डबा आणि नळी परत बसवणे. मी दुसरा सुचवला, मालकांनी मानला, मुलानेही आकडे पाहून मानला. ब्रीदरची नळी नवी घातली, जुन्या डब्यात कंपनीचा साधा कागदी फिल्टर घातला, आणि यावेळी लाँग टर्मची नोंद जाणूनबुजून पुसली, कारण आता ती शिकवणच चुकीची ठरली असती आणि गाडी उलट रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, झाली असती.

तीनशे किलोमीटरनंतर लाँग टर्म अधिक ५ वर थांबला, आयडलिंगला आणि २५०० आरपीएमला शॉर्ट टर्म शून्याभोवती राहिला. हे ५ टक्केही का उरले, असे मुलाने विचारले. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि इथेनॉलला जळताना हवा कमी लागते. शुद्ध इथेनॉलला ग्रॅममागे ९ ग्रॅमच. त्यामुळे या मिश्रणाचे प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येते, आणि तेवढ्याच हवेला पेट्रोल थोडे जास्त द्यावे लागते. या गाडीचा तक्ता जुन्या पेट्रोलचा आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाच्या मळीपासून निघालेले इथेनॉल आपल्याच गाडीच्या ट्रिममध्ये दिसावे, याचे त्याला फार कौतुक वाटले. तुळजापूर रस्त्यावरच्या त्याच चाचणीत हवेची नोंद ५६ ग्रॅम आली आणि घाटात ठोका ऐकू आला नाही. सात रस्त्याच्या सिग्नलला आतली हवा ४९ अंश भरली.

महिन्याभराने गाडी पुन्हा बोलावून डबा उघडला. कागदी फिल्टरच्या पुढच्या अंगावर पांढऱ्या, निळ्या आणि गुलाबी तंतूंची पातळ साय धरली होती. मागचे अंग कोरे होते आणि सेन्सरची तार स्वच्छ होती. गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या या गाडीचा फिल्टर दर पाच हजार किलोमीटरला बदलायचा, अशी नोंद तिच्या कार्डावर करून दिली.